बशीच्या पाठीवरची चौकट

जुन्या इंग्लिश क्रॉकरीचे विक्रेते बशी उलटी करून तिच्या पाठीवरचा मुकुट दाखवतात आणि 'राजघराण्यातली, दोनशे वर्षं जुनी' असं ठोकून देतात. त्या मुकुटावर भुलू नका. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर या मातीच्या भांड्यांच्या परगण्यातल्या कितीतरी कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात निव्वळ शोभेसाठी मुकुट आणि राजचिन्हं छापली. छापलेल्या सालावरही जाऊ नका. ते बहुधा कारखाना स्थापन झाल्याचं किंवा पेटंटचं असतं. मेसन या इंग्लिश कारखानदाराचं आयर्नस्टोनचं (दगडासारख्या टणक मातीच्या भांड्यांचं) पेटंट १८१३चं, पण 'पेटंट आयर्नस्टोन' हे शब्द विसाव्या शतकातल्या बशांवरही सापडतात.

खरी बोलकी खूण म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखी दिसणारी नोंदणीची खूण. आकाराची किंवा नक्षीची नक्कल होऊ नये म्हणून कारखानदार ब्रिटिश सरकारकडे आपल्या नमुन्याची नोंदणी करत. १८४२ ते १८८३ या काळातल्या नोंदणीसाठी ही चौकट असे. मध्यभागी 'आरडी' (म्हणजे 'रजिस्टर्ड'), माथ्यावर छोटं वर्तुळ आणि त्यात रोमन चार. चार म्हणजे मातीची भांडी. काचेला तीन, धातूला एक.

आता चार कोपरे. १८६७पर्यंत वर्तुळाखालच्या कोपऱ्यात वर्षाचं अक्षर, डावीकडे महिन्याचं, उजवीकडे तारीख आणि तळाशी गठ्ठा क्रमांक, म्हणजे त्या दिवशी नोंदणीला आलेल्या गठ्ठ्याचा क्रमांक. वर्षाची अक्षरं क्रमाने येत नाहीत: १८४२ला एक्स, १८४३ला एच, १८४४ला सी. सव्वीस वर्षांत सव्वीस अक्षरं संपली. १८६८ला पुन्हा एक्सपासून सुरुवात झाली, आणि घोटाळा टळावा म्हणून कोपरेच बदलले: वरती तारीख, उजवीकडे वर्ष, तळाशी महिना, डावीकडे गठ्ठा. म्हणजे एच वर असेल तर १८४३, उजवीकडे असेल तर १८६९. म्हणून आधी वरचा कोपरा पाहायचा: तिथे अक्षर असेल तर जुनी मांडणी, आकडा असेल तर नवी.

महिन्यांची अक्षरं जानेवारीपासून अशी: सी किंवा ओ, जी, डब्ल्यू, एच, ई, एम, आय, आर, डी, बी, के, ए. अपवाद आहेतच. १८५७च्या सप्टेंबरच्या पहिल्या १९ दिवसांत डीऐवजी आर, डिसेंबर १८६०मध्ये एऐवजी के, आणि १ ते ६ मार्च १८७८ला वर्षासाठी डीऐवजी डब्ल्यू.

चौकट ओल्या मातीत दाबलेली असली की वर झिलई साचते आणि सीचा जी, ओचा क्यू वाटू लागतो. अशा वेळी टॉर्च आडवा धरून तिरपा प्रकाश पाडा आणि दहापट भिंगातून पाहा. तरीही जमलं नाही तर खुणेवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकेच घासा. ओरखडे पडतील असं काहीही वापरू नका.

१८८४पासून चौकट गेली आणि एकापासून चढत जाणारे सलग नोंदणी क्रमांक आले.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची आहे, बशी भाजल्याची नाही. मातीच्या भांड्यांना १८४२च्या कायद्याने तीन वर्षांचं संरक्षण दिलं होतं, पण खपणारा नमुना त्यानंतरही त्याच चौकटीसह निघत राही. म्हणून शेजारचे शब्दही वाचा. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्यामुळे १८९१पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागू लागलं. १८८०च्या चौकटीजवळ 'इंग्लंड' छापलेलं असेल, तर ती बशी बहुधा १८९१नंतरची असते.