भोकाभोकांची डिस्क आणि माळशेजचा उतार

वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात आमची फोर बाय फोर जॅकवर चढली होती. मेकॅनिकने पुढच्या ब्रेकची डिस्क काढून कडेवर बोट फिरवलं. चांगला उंचवटा आला होता. "साहेब, लेथवर घासून देतो. पॅड नवे टाका, काम झालं," तो म्हणाला. शेजारच्या दुकानदाराने मात्र भोकाभोकांची चकचकीत डिस्क काढून समोर ठेवली. "रेसिंगची आहे. ब्रेक जाम लागतो बघा!"

मी दोघांचंही ऐकलं नाही. का, ते सांगायला थोडं गणित मांडावं लागेल.

ब्रेक दाबला की चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. असा हा ब्रेक वेग खातो आणि उष्णता ओकतो. दुसरं काही त्याला येत नाही. घोडबंदर रोड मोकळा आहे असं धरा (म्हणजे पहाटेचे चार वाजलेत). दोन टनांची गाडी ताशी ८० किलोमीटरने धावतेय. तिच्यातली गतिज ऊर्जा सुमारे ४९४ किलोज्यूल. नळाचं दीड लिटर पाणी उकळून वर थोडी उरेल, इतकी. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातला ७० टक्क्यांच्या आसपास वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. प्रत्येकी दहा किलो लोखंड धरलं, तर एका ब्रेकला त्या जेमतेम ३५ अंशांनी तापतात. पुढच्या सिग्नलपर्यंत वारा ही उष्णता घेऊनही जातो.

आता तीच गाडी माळशेज घाटातून खाली आणू. समजा ५०० मीटर उतरलो. गुरुत्वाकर्षणाने दिलेली ऊर्जा होते ९,८०० किलोज्यूल, म्हणजे ताशी ८० वरून शून्यावर आणणारे वीस ब्रेक एकापाठोपाठ एक! शिवाय वेग कमी, म्हणून वाराही कमी. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला बराच वाटा इंजिन उचलतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांच्या डिस्कवर मात्र जवळजवळ सगळाच बोजा पडतो.

इथे ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो, आणि कोणती तऱ्हा ते पायाला कळतं. पॅडमधलं राळेसारखं बांधणीद्रव्य फार तापलं की त्याचं विघटन होऊन वायू सुटतो आणि घर्षण घटतं. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्या तऱ्हेत पेडलचा दाब चाकापर्यंत पोहोचवणारं ब्रेक ऑइल उकळतं, नळीत बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ठाण्याच्या चार महिन्यांच्या पावसात ओलाव्याला काय तोटा! पॅडसोबत ऑइलही बदलायला सांगितलं, ते यासाठी.

म्हणजे डिस्क ही उष्णतेची टाकी. लोखंड जितकं जास्त, तितकी टाकी मोठी. भोकं पाडली की टाकीतलंच लोखंड गेलं, आणि तडेही बहुधा भोकाच्या कडेपासूनच सुरू होतात. पूर्वीच्या पॅडमधून भरपूर वायू सुटे, त्याला वाट म्हणून भोकांना अर्थ होता. आताचे पॅड त्या मानाने बरेच सुधारलेत. शिवाय आमची गाडी चिखलात जाते. भोकांत खडी अडकली तर दुकानदाराचा 'जाम' वेगळ्याच अर्थाने खरा ठरायचा. खाचांची डिस्क त्यातल्या त्यात बरी, खाचा पॅडचा पृष्ठभाग साफ करत राहतात. पण पॅड लवकर झिजवतात. मी घेतली साधी, मधून हवा खेळणारी, करड्या बिडाची डिस्क. या बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांतून उष्णता चटकन पसरते आणि थरथरही त्यात जिरते. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं १९०२ मध्ये. त्यानंतर १९५३ साली जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून ल मांची शर्यत मारली. भोकांची हौस त्यापुढची.

लेथवर घासण्याला नकार याच हिशेबाने. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते आणि आमची तिच्या जवळ पोहोचली होती. अजून घासणं म्हणजे टाकी आणखी लहान करणं.

पॅडचं कोडं जरा अवघड. ऑरगॅनिक पॅड शांत आणि स्वस्त, पण घाटात लवकर दमतात. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता सोसतात. मात्र त्यांतला धातू तीच उष्णता पॅड दाबणाऱ्या कॅलिपरकडे, म्हणजे ऑइलकडे पोहोचवतो. सिरॅमिक पॅडची धूळ कमी, आवाज कमी, किंमत जास्त. पॅडच्या कडेवर छापलेल्या मजकुरात घर्षणाची दोन अक्षरं सापडली तर ती वाचा. पहिलं साधारण तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेचं. 'एफ' म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, 'ई' म्हणजे त्याखालचा. 'एफई' दिसलं तर पॅड तापल्यावर ढिला पडतो, हे त्यानेच कबूल केलंय. मी 'एफएफ'चे सेमी-मेटॅलिक घेतले. सकाळी पहिल्या ब्रेकला थोडे कुरकुरतात, कुरकुरोत.

रुंद-उंच टायरची हौस असेल तर एवढं ध्यानात घ्या: ३१ इंचांच्या जागी ३३ इंची टायर बसवला की पेडलवरच्या तेवढ्याच दाबाला रस्त्यावर मिळणारं ब्रेकबळ सुमारे ६ टक्क्यांनी घटतं.

बसवताना मेकॅनिककडून हबवरचा, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या चाकाच्या मधल्या भागावरचा, गंज वायर ब्रशने घासून घेतला. गंजाच्या कणावर बसलेली डिस्क किंचित तिरकी फिरते, हळूहळू कुठे जाड, कुठे पातळ झिजते आणि स्टिअरिंग थरथरू लागतं. मग सगळे म्हणतात, "डिस्क वाकली." नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ताशी ६० वरून २० वर, असे आठ-दहा ब्रेक मारले, पूर्ण न थांबता. थांबून पाय दाबून धरला तर तापल्या पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो.

जुन्या डिस्क भंगारवाल्याकडे नेल्या. त्यातली एक काट्यावर नवीपेक्षा अर्धा किलो हलकी भरली होती. ते अर्धा किलो लोखंड धूळ होऊन येऊरच्या वळणांवर, माळशेजमध्ये आणि बहुतेक सगळंच घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सांडलं होतं.