व्हल्कन: अग्निदेवाच्या नावाचं गाव अंतराळात कसं पोचलं

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीपासून सव्वाशे किलोमीटरवर, २३ क्रमांकाच्या महामार्गालगत एक अंतराळयान उभं आहे. लांबी ३१ फूट. खालच्या पाटीवर स्वागताचा मजकूर तीन भाषांत कोरलेला आहे: इंग्रजी, व्हल्कन आणि क्लिंगॉन. यांतल्या शेवटच्या दोन भाषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मुलखाच्या नाहीत, त्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेच्या विश्वातल्या आहेत. भोवती मात्र नजर पोचेल तिथवर गहू, बार्ली आणि उन्हाळ्यात पिवळीधमक फुललेली कनोला ही तेलबी. गावाची वस्ती दोन हजारांच्या आत. गावाचं नाव व्हल्कन.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्यांना टोकदार कानांचा स्पॉक आठवत असेल. अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन ग्रहवासी, भावनेपेक्षा तर्काला मानणारा. त्यामुळे गावाने मालिकेवरून नाव घेतलं, असाच पाहुण्यांचा समज होतो. घडलं ते उलटं. मालिका सुरू झाली ८ सप्टेंबर १९६६ रोजी. तोवर गावाला हे नाव मिळून अर्धं शतक उलटून गेलं होतं.

ही मूळची ब्लॅकफूट लोकांची भूमी. १८७७ साली त्यांच्याशी सरकारचा ‘सातवा करार’ झाला आणि पुढे रेल्वे व सरकारी मोजणीदारांनी ती चौकोनांत आखली. दहा डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन कसायला घ्यायची, ठरल्या मुदतीत नांगराखाली आणायची आणि नावावर करून घ्यायची, अशी योजना होती. माणसं युरोपातून आली, अमेरिकेतूनही आली. १९१० च्या सुमारास कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा फाटा इथून गेला, तेव्हा रेल्वेच्या एका मोजणीदाराने या ठिकाणाला रोमन अग्निदेवाचं नाव दिलं. एवढ्यावर तो थांबला नाही. रस्त्यांनाही जुनो, मार्स, ज्युपिटर अशी देवदेवतांची नावं दिली गेली. सपाट, उघड्या माळावर ना देऊळ ना डोंगर, आणि रस्त्यांवर अख्खं देवमंडळ! मला हे फार आवडतं. अग्नी आणि लोहारकामाचा तो देव. लोखंडी रूळ टाकणाऱ्याला तो आठवावा हे साजेसंच आहे.

इथे थोडं विषयांतर. त्याच काळात खगोलशास्त्रातही ‘व्हल्कन’ हे नाव चर्चेत होतं. बुधाची कक्षा गणितात नीट बसत नाही म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेच्याही आत एक ग्रह असावा असं मांडलं, आणि त्याला व्हल्कन म्हणू लागले. गाव वसलं तेव्हा ती कल्पना पुरती मोडीत निघाली नव्हती. आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताने १९१५ मध्ये बुधाचं कोडं सोडवलं, आणि आकाशातला तो व्हल्कन संपला. जमिनीवरचा उरला.

तो उरला गव्हाच्या जोरावर. प्रेअरीतल्या, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मैदानांतल्या गावाची ओळख म्हणजे रुळांलगतची धान्याची उंच लाकडी कोठारं, ज्यांना तिथे एलेव्हेटर म्हणतात. शेतकऱ्याची गाडी आत येते, वजन होतं, धान्य खालच्या खड्ड्यात ओततात. डोलांचा पट्टा ते वर उचलून नेतो आणि तिथून प्रतीप्रमाणे वेगवेगळ्या कप्प्यांत सोडतो. मालगाडी लागली की नळीतून धान्य आपल्याच वजनाने डब्यात उतरतं. घोडागाडीने एका दिवसात जाऊन परत येता यावं, म्हणून अशी ठाणी दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतराने उभी राहिली. बऱ्याच गावांत दोन-तीन कोठारं असायची. व्हल्कनमध्ये एका ओळीत नऊ होती! विनिपेग शहराच्या पश्चिमेला एका जागी इतकी दुसरीकडे कुठेच नव्हती. त्या रांगेला ‘नाइन इन अ लाइन’ म्हणत. स्पॉकच्या आधी या गावाची कीर्ती होती ती ही.

आणखी एकदा गाव गाजलं ते संकटामुळे. जुलै १९२७ मध्ये चक्रीवादळाने घरं उद्ध्वस्त केली, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचं नवं सभागृह पाडलं. त्या वादळाच्या सोंडेचं छायाचित्र पुढे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात ‘टॉर्नेडो’ या नोंदीसाठी वापरलं गेलं.

मग ट्रक आले, रस्ते सुधारले, शेतं मोठी झाली. रेल्वेने लहान फाटे बंद केले, धान्य कंपन्यांनी दूरदूरच्या अंतरावर काँक्रीटची प्रचंड कोठारं बांधली. कॅनडाच्या प्रेअरीत ऐन भरात पाच हजारांहून जास्त लाकडी एलेव्हेटर होते. त्यांतले बहुतेक पाडले गेले. व्हल्कनची ती जुनी रांगही गेली. एलेव्हेटर गेला की गावातला शेतकऱ्यांचा राबता जातो, त्याच्या मागोमाग दुकान, मग शाळेचे वर्ग. ही गळती ज्या गावांना थांबवता आली नाही ती आज नकाशावर फक्त नावाने आहेत.

अल्बर्टातल्या गावांनी यावर आपापले उपाय शोधले. सेंट पॉलने १९६७ मध्ये, कॅनडाच्या शताब्दी वर्षात, उडत्या तबकड्यांसाठी उतरण्याचा तळ बांधला. व्हेग्रव्हिलमध्ये १९७५ साली युक्रेनी नक्षीचं प्रचंड ईस्टर अंडं उभं राहिलं. व्हल्कनला काही नवं शोधावंच लागलं नाही, हातात स्वतःचं नाव होतं. १९९५ मध्ये यान उभं राहिलं. त्याच्यावरचा क्रमांक एफएक्स६-१९९५-ए. त्यातलं एफएक्स६ हे गावच्या छोट्या धावपट्टीचं सांकेतिक नाव. मालिकेतल्या यानाची हुबेहूब नक्कल मुद्दाम टाळली, कारण हक्क दुसऱ्यांचे होते. १९९८ मध्ये यानाच्याच आकाराचं पर्यटन केंद्र झालं. उन्हाळ्यात चाहत्यांचा मेळा भरू लागला. याला काही जण पोरखेळ म्हणतील. मला तो एका शेतकरी गावाने विचार करून घेतलेला निर्णय वाटतो, आणि तो लागू पडला.

२००९ मध्ये नवा ‘स्टार ट्रेक’ चित्रपट यायचा होता. त्याचा पहिला खेळ आपल्या गावी व्हावा असं गावकऱ्यांच्या मनात होतं, पण गावात चित्रपटगृहच नव्हतं. अखेर चित्रपट कंपनीने सोडत काढून ३०० गावकऱ्यांना कॅलगरीत आधीच चित्रपट दाखवला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१० मध्ये, स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय स्वतः व्हल्कनला आले. गावाला ‘कॅनडाची स्टार ट्रेक राजधानी’ ही अधिकृत मान्यता मिळाली आणि स्पॉकच्या अर्धपुतळ्याचं अनावरण झालं. पुतळ्यासोबत निमॉय यांच्या हाताचा ठसाही आहे.

त्या हाताची खूण जगभर ठाऊक आहे: मधली दोन बोटं फाकवलेला तळवा आणि सोबत ‘दीर्घायुषी व्हा, तुमची भरभराट होवो’ हे शब्द. आपल्याकडे पाया पडणाऱ्याला थोरामोठ्यांकडून मिळतो तसाच हा आशीर्वाद, आणि त्याचं मूळही खरोखर आशीर्वादातच आहे. निमॉय यांचे आईवडील युक्रेनमधून बोस्टनला आलेले ज्यू. लहानपणी प्रार्थनामंदिरात, पुरोहित आशीर्वाद देताना वर पाहायचं नाही असं सांगितलेलं असतानाही, मुलाने हळूच डोळे उघडून त्यांच्या बोटांची ती ठेवण पाहिली होती. पुढे स्पॉकसाठी अभिवादनाची खूण हवी होती, तेव्हा त्याला तीच आठवली. निमॉय २०१५ च्या फेब्रुवारीत गेले. व्हल्कनमध्ये त्यांच्या हाताचा ठसा आहे, आणि कॅलगरीहून निघालेल्याला गव्हाच्या शेतांमधून दीड तासात तिथे पोचता येतं.