धूर दिसत नाही, मग कार्बन कसला?

"गाडीची पीयूसी आहे, धूर येतच नाही, मग कार्बन कसला?" सोलापुरात चहाच्या टपरीवर हे वर्षानुवर्षं ऐकतोय. काळी दिसते ती काजळी. कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास; गॅसच्या निळ्या ज्योतीतूनही तो निघतोच. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, कार्बन डायऑक्साइडला तिथे मर्यादाच नाही.

मग दाखवायचा कसा? २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेवेळी पाण्यावर लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी २७ फूट असा चौकोनी ठोकळा उभारला होता, एक टन कार्बन डायऑक्साइडला जागा लागते तेवढा.

आम्ही तेच अंगणात केलं, लिटरभर पेट्रोलपुरतं. ते जळून सुमारे २.३ किलो वायू होतो. (पाऊण किलो पेट्रोलचा एवढा कसा? वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) त्याला साडेतीन फुटांहून किंचित मोठी पेटी लागते. रांगोळीने चौकोन आखला, कोपऱ्यांत काठ्या रोवल्या, वरून सोलापुरी चादर टाकली. शेजारच्या आजी आत वाकून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, एवढा? आणि रोजचा?"

रोजचा नाही, आजी. माझ्या स्कूटरला लिटर दोन दिवस पुरतं.