लोगोवर अडकलेला टॅब आणि दाजींची फवारणीची वही

नोव्हेंबरात तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदाराला झोप नसते. ऑक्टोबर छाटणी झालेली, घड बाहेर पडू लागलेले, आणि एखादा दिवस जरी ढगाळ गेला तरी दावण्या रोगाची धास्ती. अशाच एका सकाळी दाजींचा फोन आला. "पाव्हणं, टॅब गेला की. राती अपडेट लावून झोपलो, सकाळपासनं नुसता लोगो. बंद हुतोय, परत लोगोच."

टॅब जुनाच होता, त्याचं फारसं काही नव्हतं. पण छाटणीपासूनची फवारणीची सगळी नोंद त्यात होती: औषध कोणतं, प्रमाण किती, तारीख कोणती. प्रत्येक औषधाच्या शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस जायला हवेत हे ठरलेलं असतं. निर्यातीच्या बागेत तारखांचा हिशेब चुकला तर अख्खा माल अडकू शकतो. दाजी आधी सांगलीत एका दुकानात जाऊन आले होते. "सॉफ्टवेअर मारतो, अर्ध्या तासात घेऊन जा, पण डेटा जाणार," असं उत्तर मिळालं. ते टॅब उचलून तडक माझ्याकडे विश्रामबागला आले.

अशा उपकरणाला तंत्रज्ञ 'वीट झाली' म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. कृष्णाकाठच्या भट्टीतून निघालेली वीट पुन्हा माती होत नाही, पण लोगो दाखवणारा टॅब बहुतेक वेळा परत येतो.

तो का येतो, हे समजायला टॅब चालू होतो कसा ते पाहावं लागतं. बटण दाबलं की सर्वांत आधी मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बूट रॉम म्हणतात. तो पुसता येत नाही, बदलताही येत नाही. तो बूटलोडरला, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला उठवतो, बूटलोडर कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, कर्नल अँड्रॉइडला, आणि सर्वांत शेवटी आपल्या फोटो-नोंदींचं दार उघडतं. प्रत्येक जण पुढच्याला उठवण्याआधी त्याची डिजिटल सही तपासतो. लोगो साधारणपणे बूटलोडर दाखवतो. म्हणजे दाजींच्या टॅबचे पहिले दोन पहारेकरी जागे होते, घोटाळा त्यांच्या पुढे होता.

आता या तपासणीत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. समजा, सिस्टीमचा भाग 2 जीबीचा आहे. त्याचे 4,096 बाइटचे तुकडे केले तर 5,24,288 तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. तो जेमतेम 32 बाइटचा, पण तुकड्यातला एक बिट इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो. असे 128 ठसे एका तुकड्यात मावतात, म्हणून सगळ्या ठशांना 4,096 तुकडे पुरतात. मग त्या तुकड्यांचेही ठसे काढायचे: उरतात 32. त्यांचे काढले की उरतो एक. त्या एकाचा ठसा म्हणजे ठशांच्या या झाडाचं मूळ, आणि कंपनीची सही असते ती या मुळाशी. टॅब चालताना जो तुकडा वाचायचा त्याच्यापासून मुळापर्यंत चार हिशेब जुळवून बघायचे, बाकी पाच लाख तुकड्यांकडे बघावंच लागत नाही. कुठे जुळलं नाही तर टॅब तो तुकडा वापरायला नकार देतो. बदल चोराने केलाय की अर्धवट अपडेटने, हे त्याला कळत नाही. तो थांबतो किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि आपल्याला दिसतो लोगो, काळोख, लोगो.

दाजींच्या टॅबमध्ये अर्धवट अपडेटच झालं असावं. बॅटरी इतकी जुनी की टक्क्यांवर भरवसा नव्हता: पडद्यावर चाळीस दिसायचे आणि थोडा ताण पडला की टॅब मिटायचा. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, जास्त करंट ओढला की तिचा व्होल्टेज खाली कोसळतो. अपडेट लिहिताना प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही राबतात. त्यात हा टॅब एकाच जागेत सिस्टीम ठेवणारा, जुनं पुसत पुसत त्याच जागी नवं लिहिणारा.

2016 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 7 पासून दुसरी पद्धत उपलब्ध झाली. तिच्यात सिस्टीमसाठी दोन जागा असतात. टॅब एका जागेवरून चालू असतानाच नवी आवृत्ती दुसऱ्या जागेत लिहिली जाते. पुढच्या वेळी बूटलोडर नवी जागा वापरून बघतो, ठरावीक प्रयत्नांत जमलं नाही तर गुपचूप जुनीवर परततो. सांगलीचा आयर्विन पूल न पाडता शेजारी दुसरा पूल बांधावा, तसं हे. जागा जास्त लागते, पण वाहतूक कधी तुटत नाही. टॅब विकत घेताना ही सोय आहे का हे विचारावं असं मला मनापासून वाटतं. कुठल्याच जाहिरातीत ते नसतं.

चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते असंही नाही. मे 2016 मध्ये अ‍ॅपलच्या एका अपडेटने 9.7 इंची आयपॅड प्रो अडकू लागले, सप्टेंबर 2024 मध्ये एम4 चिपच्या आयपॅड प्रोवर तसंच झालं. दोन्ही वेळा कंपनीने अपडेट मागे घेतलं.

आम्ही आधी टॅब चार तास चार्जिंगला लावून ठेवला. मग पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. पुन्हा लोगोच. मग पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून रिकव्हरी उघडली. रिकव्हरी म्हणजे मुख्य सिस्टीमपासून वेगळी ठेवलेली छोटी सिस्टीम, घर पडलं तरी उभी राहणारी पडवी. तिच्या यादीत 'वाईप कॅशे पार्टिशन' होतं, ते केलं. त्यात फक्त तात्पुरत्या फायली जातात. फरक पडला नाही.

त्याच्या लगतच 'वाईप डेटा / फॅक्टरी रिसेट' होतं. दाजींचं बोट तिकडे निघालं आणि मी हात धरला. आजच्या उपकरणात माहिती कुलूपबंद सांकेतिक रूपात असते. रिसेट झाला की आधी त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मग मेमरीची चिप काढून प्रयोगशाळेत नेली तरी हाती येतो तो निव्वळ अंकांचा भुसा. बूटलोडरचं कुलूप उघडलं तरी डेटा पुसला जातो. दुकानात कधी कधी "जुनं व्हर्जन मारू" म्हणतात, त्यातही धोका आहे: किल्ल्या सिस्टीमच्या आवृत्तीशी बांधलेल्या असतात, मागच्या आवृत्तीला त्या चालत नाहीत.

उरला एक मार्ग: डेटाला न शिवता सिस्टीम पुन्हा लिहायची. रोजच्या अपडेटची फाइल लहान असते, कारण तिच्यात फक्त फरक असतात. शुद्धिपत्रासारखं: अमुक पानावर अमुक ओळीत हा शब्द काढा, तो घाला. पण मूळ पानंच अर्धी बदललेली असतील तर शुद्धिपत्र कुठे लावणार? अशी फाइल मूळ तुकड्यांचे ठसे आधी तपासते आणि नकार देते. म्हणून अख्खं पुस्तक लागतं, पूर्ण सिस्टीमची फाइल. कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून बरोबर मॉडेलची सव्वा जीबीची फाइल उतरवली, एसडी कार्डवर घातली आणि रिकव्हरीतून लावली. सही जुळल्याचं आलं, मग रेघ सरकू लागली. चार्जरची पिन दाजी स्वतः धरून बसले होते, सुटू नये म्हणून.

त्या वीस मिनिटांत मी त्यांना स्पिरिटची गोष्ट सांगितली. नासाची ही गाडी जानेवारी 2004 मध्ये मंगळावर उतरली आणि अठराव्या मंगळदिवशी अशीच चक्रात अडकली. साठहून अधिक वेळा ती स्वतःच बंद-चालू झाली. फ्लॅश मेमरीत फायली इतक्या साठल्या होत्या की त्यांची यादी वाचतानाच कामाची स्मृती (रॅम) अपुरी पडायची. शास्त्रज्ञांनी कोट्यवधी किलोमीटरवरून आज्ञा पाठवली: फ्लॅशकडे न बघता चालू हो. मग नको त्या फायली काढल्या. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी 2010 पर्यंत बोलत राहिली. "तिथं चार्जर कोण धरणार?" दाजींनी विचारलं. सौर पट्ट्या, मी सांगितलं.

टॅब पुन्हा लोगोवर आला आणि थांबला. पहिल्या वेळी अँड्रॉइड सगळी अ‍ॅप्स नव्याने जुळवून घेतं, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. या टप्प्यावर घाईने बटण दाबणं सर्वांत वाईट. दाजी पडद्याकडे बघत राहिले. बाराव्या मिनिटाला पॅटर्नचे नऊ ठिपके उमटले. शेवटची नोंद परवाच्या फवारणीची होती. आक्काने वही आणि पेन आणून ठेवलं, आणि छाटणीच्या तारखेपासून एकेक ओळ उतरवून घेतली.