ईसीटी आणि स्मरणशक्ती

तीव्र नैराश्य, कॅटाटोनिया (रुग्ण हालचाल-बोलणे थांबवून ताठरतो अशी अवस्था) आणि औषधांना दाद न देणाऱ्या काही मनोविकारांत रुग्णाला भूल देऊन डोक्यातून मोजका वीजप्रवाह सोडतात व मेंदूत फिट आणतात. हा उपचार म्हणजे ईसीटी (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी). उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी या इटालियन डॉक्टरांनी तो १९३८ साली रोममध्ये प्रथम वापरला. प्रादेशिक मनोरुग्णालय असलेल्या रत्नागिरीत काय किंवा दापोली-राजापूरच्या वाड्यांत काय, लोक त्याला ‘शॉक’च म्हणतात, आणि ‘शॉक दिल्यावर माणूस सगळं विसरतो’ ही भीतीही त्या शब्दाला चिकटूनच येते.

सगळे विसरत नाही. शुद्धीवर येताना रुग्ण काही मिनिटे, क्वचित तासभर, गोंधळलेला असतो. आपण कुठे आहोत, वार कोणता, हे त्याला सांगता येत नाही. उपचार चालू असेपर्यंत नवे लक्षात राहणे अवघड जाते. बहुतेकांत हे काही आठवड्यांत सुधारते. खरा प्रश्न मागच्या आठवणींचा. त्यातही उपचाराच्या आधीचे काही आठवडे-महिने जास्त पुसले जातात. जाळे विणणारा हात गाठ विसरत नाही, घरची माणसे ओळखू येतात. पण गेल्या शिमग्यात पालखी दारात आली होती किंवा गणपतीला मुंबईहून मुलगा येऊन गेला, हे हरवलेले असू शकते. फोटो दाखवून, सांगून प्रसंग कळतो, आठवतोच असे नाही. काहींच्या बाबतीत ही पोकळी कायम राहते.

‘सगळं परत येतं’ हे डॉक्टरांचे जुने आश्वासन म्हणूनच अपुरे होते. सेमकोव्स्का आणि मॅकलॉफ्लिन या संशोधकांनी २०१० मध्ये ईसीटीवरचे ८४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्मृती-लक्षाच्या चाचण्यांतील घट मुख्यतः उपचारानंतरच्या पहिल्या तीन दिवसांपुरती दिसली. पंधरवड्यानंतर अनेक गुण उपचारापूर्वीपेक्षाही वर गेले. यात नवल नाही, कारण नैराश्य स्वतःच लक्ष आणि स्मृती मंदावते. मात्र शब्दांची यादी पाठ करून घेणाऱ्या चाचणीत हरवलेला शिमगा मोजला जात नाही. रुग्णांची तक्रार आणि डॉक्टरांचे आकडे जुळत नाहीत, ते बरेचसे यामुळे.

त्रास किती होईल, हे पद्धतीवरही ठरते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड (वीज सोडणाऱ्या चकत्या) लावल्यास विसर जास्त, फक्त उजवीकडे लावल्यास कमी. अगदी क्षणभराच्या स्पंदांनी दिलेल्या प्रवाहाने आणि आठवड्यातून तीनऐवजी दोनदा उपचार केल्यानेही तो घटतो. पण गुण येण्यास वेळ लागू शकतो. वय जास्त असल्यास किंवा लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) चालू असल्यास गोंधळाचा धोका वाढतो. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता ईसीटी करण्यास मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मनाई केली आहे.