मासीबांचं दफ्तर

बडोद्यात दांडिया बजारातल्या मराठी घरात बाळ जन्मलं, की काही दिवसांत खालून टाळ्या ऐकू येतात आणि आजी आतून ओरडते, “मासीबा आल्या गं, सूप भर!” सुपात गहू, नारळ, खण, वर नोट. ‘मासीबा’ हा गुजराती शब्द आम्ही आदरासकट उचलला, हे बरंच केलं. जुना गुजराती शब्द ‘पावैया’. मराठी वर्तमानपत्रं ‘तृतीयपंथी’ लिहितात. ‘हिजडा’ हे त्यांच्यातल्या अनेकांचं स्वतःचं नाव. त्याची शिवी आपण केली.

या मंडळींची देवी बहुचराजी. तिचं ठाणं आज मेहसाणा जिल्ह्यात आहे. संस्थानी काळात तो मुलूख गायकवाडांच्या कडी प्रांतात होता. चारण या भाट-कवींच्या जातीतल्या बहुचरेला वाटेत बापिया नावाच्या लुटारूने अडवलं. तिने स्वतःचे स्तन कापून प्राण सोडला आणि जाता जाता त्याला नपुंसकत्वाचा शाप दिला. स्त्रीवेशात देवीची सेवा, हाच त्यावरचा उतारा. बाहेरून ऐकणाऱ्याला ही शिक्षेची गोष्ट वाटते. मासीबा तीच गोष्ट बोलावण्याची म्हणून सांगतात: देवी स्वप्नात येते, हाक मारते, मग घर सुटतं. तिथलं मोठं देऊळ मानाजीराव गायकवाडांनी व्याधी बरी झाल्यावर १७८३ साली बांधलं, असं सांगतात. चैत्री पुनवेला तिथे जत्रा भरते. जगभरचा ‘ट्रान्सजेंडर दृश्यमानता दिवस’ ३१ मार्चला असतो, म्हणजे बहुधा जत्रेच्या आगेमागेच. पण तो २००९ पासूनचा, जत्रा त्याहून कितीतरी जुनी.

राजाश्रय देवळापुरता नव्हता. दख्खनेत मराठी राज्यकर्त्यांनी हिजड्यांना इनाम जमिनी आणि गावोगावचं ठरलेलं उत्पन्न दिल्याच्या सनदा होत्या. हक्क गुरूकडून चेल्याकडे जायचा. इंग्रजी अंमल आल्यावर मुंबई इलाख्यातल्या साहेबांना हे पटेना. सरकारने असल्या लोकांचं उत्पन्न का चालू ठेवायचं, असा त्यांचा सवाल, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांनी या वारशाची वाट बंद करत आणली.

खरा घाव १८७१ चा. गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग सगळा याच लोकांवर होता: संशयितांची नावं आणि मालमत्ता नोंदवहीत चढवायची, बायकी कपड्यात रस्त्यावर दिसले किंवा नाचले-गायले तर दोन वर्षांपर्यंत कैद. नोंद झालेल्याला मृत्युपत्र करता येत नसे, दान देता येत नसे, दत्तक घेता येत नसे. म्हणजे गुरूचा दागिना, खोली, ढोलकं चेल्याला मिळण्याचा कायदेशीर रस्ताच उरला नाही. सुरुवातीला हा अंमल उत्तरेत, वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबकडे होता; बडोदा संस्थान त्या कक्षेबाहेर. तरी या समाजाबद्दल सरकारी कागदात सर्वांत तपशिलाने लिहिलेलं काही असेल तर ते पोलिसांनी लिहिलेलं, ही खंत उरतेच. १९११ च्या नव्या कायद्यात तो भाग राहिला नाही. शिक्का राहिला.

बडोद्याचं दफ्तर, म्हणजे संस्थानचे जुने सरकारी कागद, त्यामुळे मोलाचं. गायकवाडी कारभाराचा मोठा हिस्सा मोडी लिपीत आहे. इनामं, देवस्थानांच्या नेमणुका, जत्रेचा बंदोबस्त असे विषय डोळ्यांपुढे ठेवून कुणी हे रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, सोडले, तर पोलिसी नोंदवहीला शेजार मिळेल. मोडी वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले बरेच पेशव्यांच्या पत्रांपलीकडे बघत नाहीत. दुसरं दफ्तर तोंडी आहे: कोण कुणाची चेली, कुठलं घर कुणी वसवलं, बाळाच्या घरी म्हणायची बधाईची गाणी. ते म्हाताऱ्या गुरूंबरोबर जातं.

अलीकडचा भाग चटकन सांगता येतो. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ हा रकाना आला आणि ४,८७,८०३ लोक मोजले गेले. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २५ नोव्हेंबर २०२० ला ट्रान्सजेंडर व्यक्तींचं राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं, आणि त्याच दिवशी इथे बडोद्यात ‘गरिमा गृह’ हे निवारागृह उघडलं. ते लक्ष्य ट्रस्ट चालवतो. आता नोंद करायची ती ओळखपत्रासाठी, धाकासाठी नाही. पण २०१९ चा कायदा कुटुंबाची व्याख्या करतो ती रक्त, लग्न आणि कायदेशीर दत्तक एवढीच. गुरू-चेल्याचं घर त्यात अजूनही नाही.