पहिली महिला वास्तुविशारद: चौधरी नव्हे, मिस्त्री

पुण्यातल्या आर्किटेक्चरच्या मुलामुलींना ‘भारतातली पहिली महिला वास्तुविशारद कोण?’ असं विचारा, हमखास उत्तर येतं: उर्मिला चौधरी. ते चूक आहे. पेरीन मिस्त्री (१९१३–१९८९) यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९३६ साली वास्तुकलेची पदविका घेतली. तेव्हा चौधरी जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या! पुढे मिस्त्री वडिलांच्या ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेदवार’ या वास्तुविशारदांच्या फर्ममध्ये भागीदार झाल्या. कंबाला हिलवरचं सेंट स्टीफन्स चर्च त्यांचंच.

चौधरींची पदवी सिडनीची, १९४७ची. चंदीगड हे नवं शहर उभारण्याच्या कामात त्या १९५१ला आल्या, पुढे तिथल्या मुख्य वास्तुविशारदही झाल्या. तो मान खराच मोठा. गोंधळ बहुधा चंदीगडच्या गाजावाजामुळे झाला असावा. मिस्त्रींनी मुंबईत केलेले बंगले नि गिरण्या कोण लक्षात ठेवतो?